तिसऱ्या सेटमधला चेंडू

११ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

काल तुझ्या मावशीचा फोन आला. माझं बोलणं तिने तुझ्यापर्यंत पोचवलं आणि तुझं माझ्यापर्यंत. हे काम तिला छान जमतं. दोन्हीकडचा राग गाळून ती फक्त शब्द देते. तू म्हणालीस म्हणे, "समारंभाला यायचं की नाही ते मग बघू. आधी तिला म्हणावं, त्या दिवशी चेंडू कुठे पडला होता, तिने काय पाहिलं, तेवढं लिहून पाठव. फोनवर नको, कागदावर." नऊ वर्षांत तुझ्याकडून एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच आलं. मी ते मावशीकडून दोनदा वदवून घेतलं.

समारंभ अठ्ठावीस मार्चला आहे, रविवारी, सकाळी दहाला, कोर्टाशेजारच्या हॉलमध्ये. एकतीस वर्षं कॉलेजच्या मुलींच्या टेनिस संघाची कोच होते, आता घरी बसायचं. प्राचार्य भाषण करतील, जुन्या मुली येतील, कुणीतरी रडेल. मी रडणार नाही. माझ्या माघारी मुली मला 'शिट्टी' म्हणतात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे, त्या दिवशी एखादी धीट मुलगी ते माईकवर बोलून दाखवेल. माझ्या जागी डावरी येणार आहे. हो, तीच. चार वर्षं ती माझी मदतनीस आहे, आणि कामाला वाघ आहे. तिचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस असं मावशी म्हणाली, पण नाव न काढता तुझ्या प्रश्नाचं उत्तर कसं लिहू?

चेंडूबद्दल मी त्याच दिवशी सांगितलं होतं. पुन्हा लिहिते. संघातली एक नंबरची जागा कुणाची हे ठरवायला तुम्ही दोघी खेळत होतात. सरावाच्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं, ही शिस्त मीच लावली होती. तिसरा सेट, तुझा मॅच पॉइंट. तू बॅकहँड सरळ रेषेलगत मारलास. डावरीने बोट वर केलं, बाहेर. तू म्हणालीस, खूण बघा. मातीचं कोर्ट असल्यामुळे चेंडूची खूण उमटते, आणि वाद झाला तर ती बघायला मला बोलवायचं हाही नियमच. मी गेले, पाहिलं, बाहेर असं सांगितलं. त्यानंतर तू कोर्टभर ऐकू जाईल अशी ओरडलीस, "आई, नीट बघ." कोर्टावर मला मॅडम म्हणायचं हे ठरलेलं होतं. पुढचे पॉइंट तू रागात घालवलेस आणि हातातोंडाशी आलेली मॅच गेली.

झालं ते एवढंच. तू ये. तुझ्या खोलीतला पलंग मी खिडकीजवळ सरकवला आहे, तिथे ऊन येतं.

तुझी
आई


२५ फेब्रुवारी

चिंगे,

माझं पत्र वाचून तू मावशीला म्हणालीस, "हे मला पाठ आहे. तिने बाहेर म्हटलं हे मी ऐकलंय. तिने पाहिलं काय ते विचारलंय." तुझा स्वभाव माझ्यावर गेला असं सगळे म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांना त्यात माझं कौतुक आहे असं वाटतं.

त्या दिवशी ऊन तिरपं होतं. कोर्टावर सकाळी पाणी मारून रोलर फिरवला होता, पण तिसऱ्या सेटपर्यंत तिथली माती सगळी उखणली होती. बुटांचे ओरखडे, आधीच्या चेंडूंच्या खुणा. त्यातली नेमकी कोणती खूण कोणत्या चेंडूची, हे वाकून पाहणाऱ्यालाच विचार. शंका असेल तर जिच्या बाजूला चेंडू पडला तिचा शब्द धरायचा, तसं मी केलं. तू असतीस तर काय केलं असतंस?

आणखी एक गोष्ट सांगते, तिचा याच्याशी संबंध आहे की नाही तूच ठरव. मी लागले तेव्हा मुलींच्या संघाला स्वतःचं कोर्ट नव्हतं. मुलांचा सराव आटोपला की उजेड असेपर्यंत अर्धा-पाऊण तास आम्हाला मिळायचा, चेंडूही त्यांनी टाकून दिलेले, लव गेलेले. जिन्याखालची ती खोली, जिथे तू शाळेतून येऊन रॅकेटच्या मुठीला ग्रिप गुंडाळत बसायचीस, ती मी भांडून मिळवली. मुलींना कपडे बदलायला दार असलेली खोली हवी, एवढ्या एका मागणीसाठी मी प्राचार्यांच्या दारात तीन महिने उभी राहिले. पण हे सगळं मी केलं ते तात्पुरत्या नेमणुकीवर. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी "बघू". तुझे बाबा गेले त्या वर्षीही मी तेराव्या दिवशी कोर्टावर होते, कारण तो कागद यायचा होता. बावीस वर्षं. त्या मॅचच्या आधी दहा दिवस प्राचार्यांनी मला बोलावलं. कुणीतरी निनावी पत्र टाकलं होतं, कोचबाई आपल्या मुलीला पुढे काढतात, बाकीच्या मुलींना न्याय नाही. सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझी कायम होण्याची फाइल होती तिच्यातच ठेवून दिलं. म्हणाले, "मॅडम, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण लोक बघताहेत." घरी तुला काही सांगितलं नाही. तू विचारलंस, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, दात दुखतोय.

तुला दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर माफी मागायला लावली ती ओरडण्याबद्दल. दुसऱ्या कुठल्या मुलीने तसं केलं असतं तरी लावली असती.

मावशी म्हणते, तू औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहेस, आणि चांगली आहेस, पण प्रत्येक बाटली तीनदा बघतेस आणि तरी शेजारणीला विचारतेस, "तुला काय दिसतंय?" लहानपणी तू अशी नव्हतीस. नाकावर माशी बसू द्यायची नाहीस.

आई


१० मार्च

चिंगे,

काल कोर्टावर एक प्रसंग झाला. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली खेळत होत्या आणि चेंडूवरून जुंपली. एक म्हणते आत, एक म्हणते बाहेर, दोघींचे गाल लाल. त्यांनी मला हाक मारली. मी बाकावरून उठले, चार पावलं गेले आणि मला पुढे जाता येईना. पाय दुखतोय असं म्हणून मी डावरीला पाठवलं. तिने खाली बसून पाहिलं, दोघींना जवळ बोलावलं, बोटाने खूण दाखवली आणि दोघींतली जी तिची लाडकी शिष्या होती तिच्या विरुद्ध निकाल दिला. दहा सेकंदांचं काम. मुली पाणी पिऊन पुन्हा खेळायला लागल्या. मी जिन्याखालच्या खोलीत येऊन दाराला कडी घातली आणि बराच वेळ चेंडूंच्या टोपलीशेजारी खाली बसून राहिले.

तर आता ऐक. चेंडू आत होता. रेषेला शिवला होता, केसभर का होईना. मी तो पाहिला. आणि बाहेर म्हणायच्या आधी मी उजव्या पायाच्या बुटाने खूण पुसली. चुकून पाय लागला असं दाखवून पुसली. तू जाळीच्या पलीकडे, तुझ्या बेसलाइनवर, पार मागच्या रेषेवर उभी होतीस. दुसऱ्याच्या बाजूला जायचं नाही हा नियम तू तेव्हाही पाळलास, नाही तर तुलाही दिसली असती.

कोर्टावर पाणी मारणारे आपले मैदानमामा तारेच्या कुंपणाशी झाडणी घेऊन उभे होते. संध्याकाळी मी कुलूप लावत असताना ते म्हणाले, "मॅडम, रेषेपाशी मी झाडतोच की. तुम्ही कशाला पायाला त्रास दिलात?" एवढंच म्हणाले. नंतर सात वर्षं त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या समारंभाला आजारी पडले.

का केलं ते तुला मागच्या पत्रात कळलंच असेल. तू हुशार आहेस. तुझ्या बाजूने निकाल दिला असता तर त्या निनावी पत्रात लिहिलेलं खरं ठरलं असतं. चेंडू किती का आत असेना, लोकांना दिसली असती ती आई आणि मुलगी. महिन्याभरात माझा कायमचा कागद आला. शिफारशीत सरांनी लिहिलं होतं, 'निःपक्षपाती'. तो शब्द मी फ्रेममध्ये लावलेला तू पाहिला नाहीस, तोवर तू घर सोडून गेली होतीस. एक नंबर म्हणून डावरी निवड चाचणीला गेली, आणि तू रॅकेट कपाटावर टाकलीस ती टाकलीसच. त्या वर्षी तू तिच्यापेक्षा चांगली होतीस. संघात ते सगळ्यांना माहीत होतं, मला सगळ्यांत जास्त.

आणि ती माफी. मी तुला लिहून दिली होती, आठवतं? 'मी खोटा पॉइंट मागितला, माझं चुकलं.' तू म्हणालीस, "मी खोटा नाही मागितला." मी म्हटलं, जसं लिहिलंय तसं म्हण. सहा मुलींपुढे तू ते म्हणालीस आणि तुझा आवाज जराही हलला नाही. त्याचा मला तेव्हा रागच आला. मला वाटलं होतं तू रडशील, मग मी जवळ घेईन, मग मिटेल.

हे सगळं वाचून तू आली नाहीस तरी मला कळेल.

आई


१८ मार्च

चिंगे,

परवा तुझा फोन आला. मी ओट्याशी उभी होते, हात ओले होते, आणि आवाज ओळखायला मला क्षण लागला. तुझा आवाज बदलला आहे, थोडा जाड झाला आहे. की पूर्वीपासून असाच होता आणि मी विसरले?

तू दुसरं काही विचारलं नाहीस. "किती आत होता?" एवढंच. मी म्हटलं, केसभर. जेमतेम शिवला होता. मी तुझा श्वास ऐकत होते. मग तू म्हणालीस, "केसभरच असेल तर मी समजू शकते, आई. तुझी पाचावर धारण बसलेली, त्यात असा चेंडू. कुणाचंही चुकलं असतं." आणि म्हणालीस, "मी येते अठ्ठावीसला. आदल्या दिवशीच येते, पलंग बघायला." तू हसलीस सुद्धा. फोन ठेवल्यावर मी दोन्ही हातांनी तोंड झाकून ओट्यापाशीच बसले. नऊ वर्षं जे मागत होते ते मिळालं होतं.

दोन दिवस मी घर आवरलं. पडदे धुतले. तुझ्या खोलीतला दिवा बदलला. आज सकाळी नवी चादर घालताना मला ते जमेना. चादर तशीच सोडून हे लिहायला बसले.

केसभर नव्हता. तुला मी कागदावर खोटं लिहिलं आणि फोनवर पुन्हा तेच खोटं सांगितलं. अर्धा चेंडू रेषेवर होता. पांढऱ्या रेषेवर तांबड्या मातीचा गोल, मी वाकलेसुद्धा नाही, उभ्यानेच दिसला. त्यात शंकेला जागाच नव्हती. तू बेसलाइनवरून, एवढ्या लांबून, पळता पळता जे पाहिलंस ते बरोब्बर पाहिलंस. तू माझ्यावर ओरडलीस तेव्हा त्या कोर्टावर खरं बोलणारी तू एकटी होतीस असं लिहायला बसले होते, पण तेही खरं नाही.

खरं बोलणारी दुसरी होती ती डावरी. तिने बोट वर केलं ते पळता पळता, घाईत. मी जाईपर्यंत ती स्वतः खूण बघून उठली होती. मला हळूच म्हणाली, "मॅडम, आत आहे. माझं चुकलं, पॉइंट तिचा." मी तिला म्हटलं, "तू गप्प बस. मी बघते." आणि तिच्या डोळ्यांदेखत पाय फिरवला. ती एकोणीस वर्षांची होती आणि माझ्या शब्दाबाहेर नव्हती. तिने तोंड उघडलं, मी तिच्याकडे बघितलं, तिने मिटलं. पुढचा पॉइंट तिने चेंडू मुद्दाम जाळीत मारला. तुला वाटलं ती घाबरून चुकली. ती तुला पॉइंट परत देत होती. पण तू तोवर रागाने आंधळी झाली होतीस, त्यानंतरचे सगळे पॉइंट तू वेड्यासारखे बाहेर घालवलेस, आणि ती जाळीत मारून मारून तरी किती मारणार?

तुम्ही दोघी एका बाकावर बसून डबा खायच्यात. तिच्या घरी तुझा टूथब्रश होता. तिने तुला फसवलं असं तू समजलीस आणि तिच्याशी बोलणं तोडलंस. संघ सोडताना सगळ्यांसमोर तिला चोर म्हणालीस. ते मी ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. दुरुस्त केलं असतं तर मी उघडी पडले असते. उलट मला जरा हायसं वाटलं, की तुझा राग आम्हा दोघींत वाटला गेला. ती तुला सांगू शकली असती. माझं नाव घ्यावं लागेल म्हणून तिने सांगितलं नाही. तिला कायमची जागा मिळावी म्हणून मी झटले ते तिच्या गुणांसाठी, पण तिने तोंड बंद ठेवलं म्हणूनही. हेही लिहून ठेवते, म्हणजे माझ्याकडे काही शिल्लक राहायला नको.

आज दुपारी मी तिला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, मी हे पत्र टाकते आहे. ती बराच वेळ रॅकेटची तार बोटाने सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तिची माफी झाली ना, त्या सकाळी, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी पायातले बूट बघत उभी राहिले." मी म्हटलं, बोलायचं काम माझं होतं. ती म्हणाली, "हो. तुमचं होतं." एकतीस वर्षांत मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. मग तिने विचारलं, "हे वाचून ती येईल का?" मी म्हटलं, मला नाही वाटत.

पत्र शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. तुझं तिकीट त्यानंतरच्या शनिवारचं आहे, म्हणजे ते रद्द करायला वेळ आहे. आलीस तर तिच्याशी बोलायला ये. हॉलमध्ये मी पुढे खुर्चीवर असेन, कार्यक्रमभर मला तिथून उठता येणार नाही, तेव्हा माझी गाठ पडायची भीती बाळगू नकोस. प्राचार्यांचं भाषण झालं की मला चार शब्द बोलायला सांगतील. तेव्हा मी हेच सांगणार आहे, चेंडूपासून माफीपर्यंत, तुझं नाव घेऊन. तू तिथे असलीस किंवा नसलीस तरी.

डावरीचा फोन नंबर खाली लिहिला आहे. माझा तुझ्याकडे आहे, पण तो लावायलाच हवा असं काही नाही.

आई